भूक नसलेला मासा आणि बक्षीस

समुद्रात खाऊन खाऊन धष्टपुष्ट झालेला अटलांटिक सॅल्मन अंडी घालायला नदीत शिरला की खाणंच बंद करतो, पुढचे कित्येक महिने अंगातल्या चरबीच्या शिदोरीवर काढतो. तरी गळाला बांधलेल्या नकली माशीवर झडप घालतोच, चिडून म्हणा की जुन्या सवयीने, शास्त्रज्ञांचंही यावर एकमत नाही. कॅच अँड रिलीजच्या स्पर्धेत पकडून सोडतात तो हा मासा.

गळ लागला की तो जिवाच्या आकांताने ओढतो, स्नायूंत लॅक्टिक अ‍ॅसिड साठतं, रक्तातला ऑक्सिजन घसरतो आणि नेमका तेव्हाच, म्हणजे धाप लागलेली असताना, आपण त्याला फोटोसाठी पाण्याबाहेर उचलतो. हवेत कल्ल्यांच्या पाकळ्या एकमेकींना चिकटतात, श्वास बंद. १९९२ मध्ये कॅनडात रेनबो ट्राउटवर (हा सॅल्मनचाच भाऊबंद) प्रयोग झाला होता: नुसते दमवलेले मासे १२ टक्के मेले, दमवून ३० सेकंद हवेत ठेवलेले ३८ टक्के आणि एक मिनिट ठेवलेले ७२ टक्के. हे प्रयोगशाळेतले आकडे आहेत, नदीत जसेच्या तसे लागू होत नाहीत. थंड पाण्यात नीट हाताळलेले बहुतेक सॅल्मन जगतात आणि अंडीही घालतात. पण एक मिनिट म्हणजे किती, तर मोबाईल काढून, अनलॉक करून, "अजून एक घे रे" म्हणेपर्यंत.

दुखतं का त्याला? २००३ मध्ये जीवशास्त्रज्ञ लिन स्नेडन आणि सहकाऱ्यांनी ट्राउटच्या तोंडाशी इजा ओळखणारे मज्जातंतू असल्याचं दाखवलं. ओठात अ‍ॅसिड टोचलेले मासे तळाच्या खड्यांवर ओठ घासत होते. याला वेदना म्हणायचं की नाही यावर अजून भांडणं चालू आहेत, मला विचाराल तर ओठ घासणारा मासा पुरेसा आहे.

कायद्याचीही मजाच आहे. स्कॉटलंडमध्ये १ एप्रिलच्या आधी पकडलेला सॅल्मन सोडावाच लागतो, कारण मासेच कमी झालेत, २०२३ मध्ये आययूसीएन या निसर्गसंवर्धन करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने ब्रिटनमधला अटलांटिक सॅल्मन धोक्यात असल्याचं जाहीर केलं. आणि स्वित्झर्लंडमध्ये सोडायच्याच इराद्याने मासा पकडायला बंदी, का तर खायचं नसेल तर त्याला छळता कशाला? दोघांचंही पटतं, पंचाईत तीच आहे.

माझा आक्षेप सोडण्यावर नाही, स्पर्धेवर आहे. एकटा माणूस पाणी गरम वाटलं तर काठी गुंडाळून घरी जाऊ शकतो, स्पर्धेची तारीख मात्र आधीच ठरलेली असते, फी भरलेली असते आणि पाणी २० अंशांच्या वर गेलं की त्यात ऑक्सिजन कमी आणि सोडलेल्या माशांच्या मरणाचं प्रमाण जास्त. त्यात वजन करायचं म्हणजे परत पाण्याबाहेर काढणं आलं, आणि जो मासा शेपूट हलवत दिमाखात गेला तो दोन दिवसांनी खाली कुठेतरी मेला तरी पॉइंट कापले जात नाहीत. घ्यायचीच असेल स्पर्धा तर उलटा काटा नसलेला गळ वापरा, मासा पाण्यातच ठेवून टेपने लांबी मोजा, प्रवाहाकडे तोंड करून शेपटीच्या बुंध्याशी हलकेच धरा, तो स्वतः झटका देऊन सुटेपर्यंत, मग त्यात पाच मिनिटं जाऊदेत. आणि पाण्यात थर्मामीटर टाकून आकडा बघायचा, जास्त असेल तर त्या दिवशी बक्षीसच नाही.