खाचेत मुद्दाम बिघडवलेलं गाणं

जुन्या टर्नटेबलवर रेकॉर्ड लावा, अँप्लिफायरचा आवाज पार बंद करा आणि सुईपाशी कान न्या. गाणं ऐकू येतं! बारीक, किरटं, डास गुणगुणल्यासारखं. शब्द कळतात, झांजा कळतात, डग्गा मात्र गायब. एवढ्याशा सुईला हवा फारशी हलवता येत नाही, हे त्याचं एक कारण. दुसरं कारण जास्त रंजक आहे. रेकॉर्डवर गाणं मुळात तसंच कोरलेलं असतं, खर्ज दाबून आणि वरचे सूर फुगवून.

असं का करावं लागलं? कोलंबिया कंपनीनं १९४८ साली अमेरिकेत एलपी, म्हणजे जास्त वेळ वाजणारी ‘लाँग प्ले’ रेकॉर्ड आणली, मिनिटाला ३३⅓ फेरे घेणारी. २२ मिनिटांच्या एका बाजूत सातशेहून जास्त फेरे बसतात. खाच एकच, पण उलगडली तर जवळजवळ अर्धा किलोमीटर भरेल! साहजिकच शेजारच्या दोन फेऱ्यांत अंतर उरतं जेमतेम दशांश मिलिमीटर, म्हणजे १०० मायक्रॉनच्या आसपास.

आता कार्ट्रिज, म्हणजे सुई बसवलेली छोटी डबी बघू. सुईबरोबर इवलासा चुंबक हलतो आणि शेजारच्या तारेच्या वेटोळ्यात वीज तयार होते. ती किती, हे सुई किती लांब गेली यावर नाही, किती वेगानं हलली यावर ठरतं. १००० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला १००० कंपनांच्या सुराला सेकंदाला ५ सेंटिमीटर वेग गाठायचा, तर सुई मध्यापासून ८ मायक्रॉन सरकली की भागतं. डग्ग्याचा घुमारा १०० हर्ट्झचा धरला, तर तोच वेग गाठायला तिला ८० मायक्रॉन जावं लागेल, तेही दोन्ही बाजूंना. खाच शेजारच्या खाचेत घुसणारच. म्हणून कोरतानाच खर्ज कमी करतात.

वरच्या सुरांचं उलट. सुई घासल्याची खरखर मुख्यतः तिथेच टोचते. ते सूर आधी वाढवून कोरायचे आणि ऐकताना तेवढेच उतरवायचे, म्हणजे त्यांच्याबरोबर खरखरही उतरते. इतकी साधी आणि इतकी चोख युक्ती मला तरी फार थोड्या यंत्रांत दिसली आहे.

खर्ज किती दाबायचा आणि वरचे सूर किती फुगवायचे, याचं प्रमाण सुरुवातीला प्रत्येक कंपनीचं वेगळं होतं. त्यामुळे मॅकिन्टॉश सी-८ सारख्या त्या काळच्या प्रीअँपवर, म्हणजे अँप्लिफायरच्या आधी जोडायच्या यंत्रावर, रेकॉर्डनुसार बदलायची बटणं असत. १९५४ साली अमेरिकेतल्या रेकॉर्ड कंपन्यांच्या संघटनेनं, म्हणजे आरआयएएनं, एक प्रमाण ठरवलं. कोरताना १००० हर्ट्झच्या तुलनेत २० हर्ट्झचा सूर सुमारे नवव्या हिश्शावर, तर २०,००० हर्ट्झचा साडेनऊपट.

जुन्या अँप्लिफायरच्या मागे ‘फोनो’ लिहिलेली जोडणी असते, ती हे सगळं उलटं फिरवते. शिवाय कार्ट्रिजची ४-५ मिलिव्होल्टची वीज शंभरेकपट वाढवते. घरातलं जुनं टर्नटेबल कुणी हौसेनं थेट नव्या स्पीकरच्या ‘ऑक्स’ या साध्या जोडणीत लावतं, आवाज पिचका येतो आणि सुई गेली असं ठरवून टर्नटेबल भंगारात जातं. फार वाईट वाटतं. सुई बहुतेक वेळा ठणठणीत असते, मध्ये फक्त फोनो प्रीअँप हवा असतो.

या दुरुस्तीची किंमतही आहे. आपली घरगुती वीज ५० हर्ट्झची, आणि फोनोमध्ये नेमक्या त्या पट्ट्यात १००० हर्ट्झपेक्षा सातपट जास्त वाढ मिळते. म्हणून जरा कुठे अर्थिंग सुटलं की ‘घूंऽऽ’ सुरू. टर्नटेबलमधून वेगळी निघालेली बारीक तार अँप्लिफायरच्या मागच्या स्क्रूला आवळली, की बहुतेकदा ते तिथल्या तिथे थांबतं.

आजोबांच्या पेटीतल्या नाट्यगीतांच्या, मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या तबकड्या मात्र या प्रमाणाआधीच्या. त्यांतल्या बऱ्याच जणींमध्ये वरचे सूर फुगवलेलेच नाहीत, तरी फोनो जोडणी ते इमानानं उतरवते आणि गाणं रजईखालून आल्यासारखं वाटतं. अशा वेळी ट्रेबलची खुंटी पुढे फिरवा. ७८ साठीची जाड सुई मात्र आधी बसवून घ्या, एलपीची सुई त्या रुंद खाचेच्या तळाशी जाऊन नुसती खरखरते.