कॉर्नरचा झेंडा कुणाच्या पैशाचा?

१० मार्च २०१८. २०१२ च्या ऑलिंपिकसाठी बांधलेल्या लंडन स्टेडियमवर तिथला भाडेकरू फुटबॉल क्लब वेस्ट हॅम बर्नलीकडून हरत होता आणि चिडलेले चाहते मैदानात घुसले. त्यातल्या एकाने कोपऱ्यातला झेंडा उपटला, तो घेऊन मैदानाच्या मधोमध गेला आणि सेंटर सर्कलमध्ये रोवून उभा राहिला. राग क्लबच्या मालकांवर होता, शंभर वर्षांचं जुनं घर सोडायला लावल्याचा होता. पण त्या झेंड्याची गंमत वेगळीच. त्याच्या दोन वर्षं आधी उघड झालेल्या भाडेकरारात गोलपोस्ट आणि कॉर्नर फ्लॅग यांचा खर्चसुद्धा क्लबकडे नव्हता. तो स्टेडियमच्या मालकाकडे होता, आणि मालक सरकारी. म्हणजे चाहत्याने उपटला तो करदात्याचा झेंडा.

असा करार का झाला, याचं मूळ २००५ मध्ये आहे. त्या वर्षी जुलैत सिंगापूरच्या बैठकीत लंडनला २०१२ चं ऑलिंपिक मिळालं. बोलीचे प्रमुख सेबॅस्टियन को स्वतः धावपटू. खेळ संपल्यावरही मुख्य स्टेडियममध्ये ॲथलेटिक्सची धावपट्टी राहील, हा त्यांच्या बोलीतला मोठा शब्द होता. त्याप्रमाणे आराखडा झाला: खेळांच्या वेळी ८० हजार आसनं, नंतर वरचा ५५ हजारांचा हलका पोलादी सांगाडा उतरवायचा आणि खालचं २५ हजारांचं ॲथलेटिक्सचं मैदान ठेवायचं. कागदावर चोख हिशेब. फक्त ते २५ हजारांचं मैदान वर्षाचे उरलेले महिने कोण भरणार आणि त्याचा खर्च कशातून निघणार, याला समाधानकारक उत्तर नव्हतं. भरवशाने गर्दी खेचणारा भाडेकरू म्हणजे फुटबॉल क्लब, आणि फुटबॉलच्या प्रेक्षकाला धावपट्टी नको असते. मैदान आणि त्याच्यामध्ये ती दरी पाडते.

हा पेच बांधकामाआधी सोडवता आला असता. तो सोडवला नाही, आणि माझ्या मते पुढचं सगळं रामायण तिथूनच आहे. २००८ च्या मे महिन्यात पूर्व लंडनमधल्या स्ट्रॅटफर्डला काम सुरू झालं. बोलीच्या वेळी २८ कोटी पौंडांचा अंदाज होता, बांधून होईपर्यंत आकडा ४२ कोटी ९० लाखांवर गेला.

मँचेस्टरचं उदाहरण तेव्हा डोळ्यांसमोर होतं. तिथलं स्टेडियम २००२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेसाठी बांधलं, पण मँचेस्टर सिटी क्लब तिथे राहायला येणार हे १९९९ मध्येच ठरलं होतं. स्पर्धा संपताच धावपट्टी उखडली, जमीन आणखी खोल खणली आणि मोकळ्या झालेल्या जागेत खालच्या रांगा बसवल्या. क्लब २००३ मध्ये आला. भाड्याचं सूत्रही शहाणपणाचं होतं: क्लबच्या जुन्या मेन रोड मैदानाच्या क्षमतेपेक्षा जास्त जी तिकिटं खपतील, त्यांच्या उत्पन्नातला वाटा महापालिकेचा. नव्या घरामुळे क्लबची कमाई वाढली तर घरमालकाचीही वाढणार.

लंडनमध्ये भाडेकरूचा शोध इमारत उभी राहत आल्यावर सुरू झाला. शेवटी दोन क्लब उरले. टॉटनहॅमचा प्रस्ताव रोखठोक होता: स्टेडियमचा बहुतेक भाग पाडून त्या जागी फुटबॉलचं मैदान बांधू, आणि ॲथलेटिक्ससाठी क्रिस्टल पॅलेसचं जुनं मैदान सुधारून देऊ. वेस्ट हॅमने धावपट्टी ठेवायची तयारी दाखवली आणि न्यूअम या स्थानिक कौन्सिलला सोबत घेतलं. फेब्रुवारी २०११ मध्ये वेस्ट हॅमची निवड झाली. टॉटनहॅम आणि शेजारचा छोटा क्लब लेटन ओरिएंट कोर्टात गेले, युरोपियन आयोगाकडेही तक्रार पोचली. प्रकरण लांबणार हे दिसल्यावर ऑक्टोबरमध्ये सरकारने तो व्यवहारच गुंडाळला. स्टेडियम सरकारी मालकीचं राहील आणि भाड्याने दिलं जाईल, असं नवं धोरण ठरलं. पुढच्याच महिन्यात २०१७ ची जागतिक ॲथलेटिक्स स्पर्धा लंडनला मिळाली, म्हणजे धावपट्टीवर कायमचं शिक्कामोर्तब झालं.

आता घरमालकाची अवस्था बघा. इमारत तयार आहे, मालकी सोडायची नाही, धावपट्टी काढायची नाही, ऑलिंपिकनंतर स्टेडियम ओस पडलं तर जगभर शोभा होणार, आणि प्रीमियर लीगमधला, म्हणजे इंग्लिश फुटबॉलच्या सगळ्यात वरच्या डिव्हिजनमधला इच्छुक क्लब उरलाय एकच. गरजवंताला अक्कल नसते म्हणतात. इथे अक्कल असती तरी वापरायला जागा नव्हती. २०१३ च्या मार्चमध्ये ९९ वर्षांचा करार जाहीर झाला. क्लबने रूपांतराच्या खर्चात दीड कोटी पौंड घालायचे आणि वर्षाला २५ लाख पौंड भाडं द्यायचं. भाडं महागाईनुसार वाढेल, पण क्लब खालच्या डिव्हिजनमध्ये घसरला तर निम्मं होईल.

या २५ लाखांचं वजन कळायला एकच आकडा पुरे. २०१६-१७ च्या हंगामात, म्हणजे वेस्ट हॅमच्या तिथल्या पहिल्याच वर्षी, प्रीमियर लीगमध्ये अगदी तळाला राहिलेल्या क्लबलाही लीगकडून ९ कोटी पौंडांहून जास्त रक्कम मिळाली.

तरी नुसत्या भाड्याकडे बोट दाखवणं सोपं आहे. खरी भगदाडं दोन, आणि पहिलं रूपांतराचं. वरचा भाग उतरवायच्या हिशेबाने केलेला सांगाडा आता कायमचा करायचा होता, त्यावर सगळ्या प्रेक्षकांना झाकेल असं नवं प्रचंड छप्पर टांगायचं होतं. सुरुवातीचं १५ कोटी ४० लाखांचं कंत्राट वाढत वाढत एकूण रूपांतराचा खर्च ३२ कोटी ३० लाखांवर पोचला. क्लबचे दीड कोटी म्हणजे त्याचा विसावा हिस्साही नाही. मूळ बांधकाम धरून बेरीज ७५ कोटी २० लाख पौंड. न्यूअम ही लंडनमधल्या गरीब वस्त्यांपैकी एक. तिच्या कौन्सिलने यात ४ कोटी गुंतवले होते. २०१७ च्या शेवटी ती भागीदारीतून बाहेर पडली आणि ते पैसे बुडाले.

दुसरं भगदाड रोजच्या चालवण्याचं. धावपट्टी ठेवायची आणि फुटबॉलचा प्रेक्षकही जवळ आणायचा, म्हणून खालच्या रांगा पुढेमागे होतील अशा केल्या. बटण दाबलं की खुर्च्या सरकतील, असं चित्र लोकांच्या मनात होतं. प्रत्यक्षात ते बांधकामाच्या परांचीसारखं प्रकरण निघालं: दर उन्हाळ्यात मोठमोठे स्टँड सुटे करायचे, हलवायचे, पुन्हा जोडायचे. या कामाचा अंदाज होता वर्षाला ३ लाख पौंडांचा. तो ८० लाखांच्याही पुढे गेला. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला ही म्हण इथे फार सौम्य वाटते.

करारातली कलमं लोकांना दिसली ती मात्र भांडून. इतर डझनभराहून अधिक क्लबांच्या चाहत्यांच्या संघटनांनी करार उघड करा म्हणून मोहीम चालवली. माहिती आयुक्तांनी त्यांच्या बाजूने निर्णय दिला, स्टेडियम सांभाळणाऱ्या सरकारी महामंडळाने अपील केलं आणि एप्रिल २०१६ मध्ये ते फेटाळलं गेलं. तेव्हा कळलं की सामन्याच्या दिवशीची सुरक्षा, वीजपाणी, मैदानाची निगा हे सगळं घरमालकाच्या अंगावर आहे. झेंडे तर होतेच.

पुढच्याच महिन्यात वेस्ट हॅमने १९०४ पासूनचं अपटन पार्कचं मैदान सोडलं. मँचेस्टर युनायटेडला ३-२ ने हरवून निरोप घेतला आणि ती जागा बिल्डरकडे गेली. नव्या घरातले पहिले महिने वाईट होते. प्रेक्षकांमध्ये मारामाऱ्या झाल्या, आणि मग लक्षात आलं की पोलिसांची रेडिओ यंत्रणा स्टेडियममध्ये बसवलेलीच नाही, म्हणून पोलीस आत नेहमीसारखा बंदोबस्त ठेवू शकत नाहीत. मग सुरक्षारक्षक वाढवा, म्हणजे पुन्हा खर्च. तोही अर्थात भाडेकरूचा नव्हे.

महापौर सादिक खान यांनी २०१६ च्या अखेरीस चौकशी लावली. मूर स्टीफन्स या लेखापाल संस्थेचा अहवाल १ डिसेंबर २०१७ ला आला. स्टेडियम वर्षाला सुमारे २ कोटी पौंडांच्या तोट्यात आहे, क्लब देतो त्यातून सामने भरवण्याचा खर्चही निघत नाही, असं त्यात मांडलं होतं. चुकीची सुरुवात म्हणून बोट स्टेडियम सरकारी मालकीचं ठेवण्याच्या २०११ च्या निर्णयाकडे होतं. तेव्हाचे महापौर बोरिस जॉन्सन. अहवालानंतर खान यांनी स्टेडियमचा कारभार स्वतःच्या अखत्यारीत घेतला. स्टेडियमला नाव देऊन पैसे मोजणारा प्रायोजकही हाती लागत नव्हता, हा आणखी एक घाटा.

क्लबची बाजूही आहे, आणि ती अगदीच पोकळ नाही. जाहीर निविदा होती, समोरच्याने जे देऊ केलं ते घेतलं, आम्ही नसतो तर हा पांढरा हत्ती रिकामा उभा असता, असं क्लबचं म्हणणं. भाडेकरूने घरमालकाची काळजी करावी, असं कुठल्या करारात लिहिलेलं असतं?

घरमालक मग बारीकसारीक गोष्टींत हात आखडायला लागला. किती आसनं वापरायची यावरून खटला उभा राहिला. सामन्याच्या वेळी धावपट्टीवर अंथरलेला गालिचा हिरवा होता, क्लबला तो आपल्या किरमिजी रंगाचा हवा होता आणि त्याचे पैसे कुणी द्यायचे यावर दोन्ही पक्षांचे वकील भांडत होते. २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये तडजोड झाली, पुढच्या वर्षी किरमिजी गालिचा आला.

त्या गालिच्याखाली को यांनी शब्द दिलेली धावपट्टी अजून आहे. जुलैत खुर्च्या मागे जातात, गालिचा निघतो. २० जुलै २०२४ ला तिथे कीली हॉजकिन्सनने ८०० मीटर १ मिनिट ५४.६१ सेकंदांत पळून ब्रिटिश विक्रम मोडला, तेव्हा स्टेडियम खचाखच भरलेलं होतं. ऑगस्टच्या आत खुर्च्या परत पुढे आणल्या जातात, कारण फुटबॉलचा हंगाम सुरू होतो आणि करार पुढच्या शतकापर्यंत चालू आहे.