गोल सगळ्यात शेवटी परततो

दुखापतीतून परतलेल्या स्ट्रायकरचे पाच सामने कोरडे गेले, की अंधेरीच्या मैदानातून आझादनगर मेट्रोकडे निघालेल्या गर्दीत दोन तट पडलेले ऐकू येतात. एक म्हणतो, ‘संपला रे हा, हंगाम संपायच्या आत विकून टाका.’ दुसरा म्हणतो, ‘थांब जरा, पाय मोकळा होऊ दे.’ वाद तावातावाने चालतो, पण दोघांचीही नजर गोलफलकावरच असते. पाच सामन्यांच्या हिशेबात गोलफलक फार कमी सांगतो.

आकडेच मांडून बघू. गोलासाठी मारलेल्या दहा फटक्यांपैकी सरासरी एक आत जातो, हे प्रमाण व्यावसायिक फुटबॉलमध्ये ढोबळमानाने सगळीकडे दिसतं. आपला स्ट्रायकर सामन्याला तीन फटके मारतो असं धरा. पाच सामन्यांत पंधरा झाले. त्याचं कसब तसूभरही कमी झालेलं नाही असं मानलं, तरी पंधराच्या पंधरा फटके वाया जाण्याची शक्यता जवळपास 21 टक्के येते. त्याच खेळाडूला, त्याच पायांनी, त्याच पंधरा फटक्यांत तीन किंवा त्याहून जास्त गोल मिळण्याची शक्यता सुमारे 18 टक्के. पहिलं घडलं की तो ‘संपला’, दुसरं घडलं की ‘काय जबरदस्त कमबॅक!’ खेळाडूत मात्र या दोन्ही वेळी काहीच फरक नाही, फरक योगायोगाचा आहे.

गोलांवरूनच माणूस लक्षात राहतो, हेही खरं. वांद्र्याच्या मैदानाला ज्यांचं नाव दिलंय त्या नेव्हिल डिसूझा यांनी 1956 च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध हॅटट्रिक केली. स्पर्धेत भारताचे सामने झाले तीन, त्यांचे गोल चार, आणि स्पर्धेतल्या सर्वाधिक गोलांच्या मानात ते वाटेकरी ठरले. त्या तीन सामन्यांचं मोल कधीच कमी होणार नाही. पण परतलेल्या खेळाडूचं पुढचं वर्ष कसं जाईल याचा अंदाज बांधायचा असेल, तर तेवढे सामने पुरत नाहीत.

मग बघायचं काय? आधी संधी मोजायच्या. ‘अपेक्षित गोल’ किंवा एक्सजी हे माप त्यासाठीच आहे. फटका कुठून मारला, कोनात गोलाचं तोंड किती उघडं होतं, पायाने मारला की डोक्याने, पास कसा आला, यावरून प्रत्येक फटक्याला 0 ते 1 मधली एक किंमत देतात. पेनल्टीची किंमत साधारण 0.78 असते, अठरा यार्डांच्या बाहेरून, गर्दीतून हाणलेल्या फटक्याची 0.03 च्या आसपास. परतलेल्या स्ट्रायकरची पाच सामन्यांतली बेरीज दुखापतीआधीइतकीच असेल आणि फक्त गोल नसतील, तर धीर धरावा. बेरीजच निम्म्यावर आली असेल, तर काळजीचं कारण आहे. मग मध्येच एखादा लांबचा फटका जाळ्यात गेला तरीही. संधी कमी होण्याचं कारण बहुतेक वेळा नेमबाजीत सापडत नाही, ते पायांच्या वेगात सापडतं.

आता मांडीच्या मागच्या बाजूला जाऊ, कारण स्ट्रायकरचा वेग तिथे अडतो. हॅमस्ट्रिंग हा एक स्नायू नव्हे, तिथे तीन स्नायू आहेत. पूर्ण वेगात धावताना त्यांपैकी बाहेरच्या बाजूचा बायसेप्स फेमोरिस सगळ्यात जास्त वेळा फाटतो, आणि तोही ठरावीक क्षणी. पाय पुढे फेकला गेलेला असतो, जमिनीला टेकायला थोडाच अवकाश असतो, गुडघा सरळ होत असतो. त्या वेळी पुढे झेपावणाऱ्या पोटरीला आवर घालायचं काम या स्नायूवर येतं. म्हणजे तो लांब ताणला जात असतानाच आकुंचन पावून ब्रेक लावतो. या कात्रीत तंतू तुटतात.

जखम भरते ती व्रणपेशींनी. व्रण ताठ असतो, त्यामुळे शेजारच्या तंतूंना जास्त ताण सोसावा लागतो. भरून आलेल्या स्नायूतले तंतू आखूडही झालेले आढळतात, आणि स्नायू पूर्ण लांबलेला असताना मेंदू त्याला पूर्ण जोर लावू देत नाही. म्हणून फिजिओच्या टेबलावर ठणठणीत ठरलेला खेळाडू बचावपटूच्या मागे पडलेल्या चेंडूसाठी धावताना हात आखडता घेतो. त्याचा कमाल वेग ताशी 33 किलोमीटरवरून 31 वर आला असेल, तर पूर्ण वेगातल्या दोन सेकंदांत तो 1.1 मीटर मागे पडतो. एवढ्या अंतरात बचावपटूचा पाय आरामात मध्ये येतो.

युरोपातल्या मोठ्या क्लबांच्या दुखापतींची नोंद यूएफा, म्हणजे युरोपचा फुटबॉल महासंघ, 2001 पासून ठेवत आला आहे. तिथे एकूण दुखापतींत हॅमस्ट्रिंगचा वाटा 2001-02 मध्ये 12 टक्के होता, तो 2021-22 मध्ये 24 टक्क्यांवर गेला. यातल्या जवळपास 18 टक्के दुखापती जुन्याच जागी पुन्हा झालेल्या असतात, आणि त्यातल्या दोनतृतीयांशाहून जास्त परतल्यापासून दोन महिन्यांच्या आत होतात. या दोन महिन्यांत प्रशिक्षक त्याला साठाव्या मिनिटाला बाहेर काढतो तेव्हा स्टँडमधून आरडाओरडा होतो. तो अन्यायाचा आहे. हॅमस्ट्रिंग बऱ्याचदा हाफ संपत आल्यावर, थकलेल्या पायांवर जाते.

क्लबच्या पत्रकात ‘ग्रेड वन’ किंवा ‘ग्रेड टू’ एवढंच छापून येतं. ब्रिटिश अॅथलेटिक्सच्या वर्गीकरणात तीव्रता सांगणाऱ्या 0 ते 4 या आकड्यापुढे ए, बी, सी अशी अक्षरं असतात आणि चाहत्यांनी विचारायला हवं ते अक्षर. ए म्हणजे स्नायूच्या आवरणालगतची इजा, बी म्हणजे स्नायू आणि कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी) जिथे जुळतात तिथली, सी म्हणजे थेट कंडरेतली. सी असेल तर वेळ जास्त लागतो आणि ती उलटण्याचा धोकाही मोठा.

एमआरआय ‘क्लिअर’ आला का, हा प्रश्न मात्र फारसा कामाचा नाही. यशस्वीपणे परतलेल्या बहुतेकांच्या स्कॅनमध्ये त्या दिवशीही सूज दिसते. कामाच्या चाचण्या वेगळ्या आहेत. दाबल्यावर दुखत नाही ना, पाय सरळ ठेवून दुसऱ्या पायाइतकाच वर जातो ना, दोन्ही पायांच्या ताकदीत 10 टक्क्यांहून जास्त तफावत नाही ना. मग धाव: आधी जॉगिंग, मग निम्म्या वेगाने, 80 टक्के, आणि शेवटी स्वतःच्या जुन्या कमाल वेगाच्या 90-95 टक्क्यांपर्यंत, तेही एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा. खेळाडूंच्या पाठीवरचं जीपीएस यंत्र बहुधा सेकंदाला दहा नोंदी घेतं आणि ताशी 25.2 किलोमीटरच्या वरची धाव स्प्रिंट म्हणून मोजतं. गफलत होते ती इथे. आठवडाभरातले एकूण किलोमीटर भरले की तयारी झाली असं वाटतं, पण त्यात खरे स्प्रिंट नगण्य असतात. मग पहिला खराखुरा स्प्रिंट सामन्यातच मारावा लागतो.

टर्फवर शनिवार-रविवार खेळणाऱ्यांनाही उपयोगी पडेल असा एक उपाय पक्का सिद्ध झालेला आहे: नॉर्डिक व्यायाम. मॅटवर गुडघे टेकायचे, जोडीदाराने घोटे घट्ट दाबून धरायचे, गुडघ्यापासून डोक्यापर्यंत अंग एका रेषेत ठेवून हळूहळू पुढे झुकत जायचं, हॅमस्ट्रिंगने पडणं रोखायचं आणि शेवटी हातांवर टेकायचं. पहिल्या आठवड्यात एकदाच, पाचपाचचे दोन सेट. दुसऱ्यात दोनदा, सहासहाचे दोन. तिसऱ्यापासून आठवड्यात तीनदा, तीन-तीन सेट, आणि पाचव्या आठवड्यापासून त्या तीन सेटांत 12, 10, 8 वेळा. नियमाने करणाऱ्या संघांत हॅमस्ट्रिंगच्या दुखापती जवळपास निम्म्या झाल्या. दोन चुका हमखास होतात. कंबरेत वाकलं की भार निघून जातो आणि व्यायाम फुकट जातो. दुसरं म्हणजे पहिल्याच दिवशी तीस मारले की मांड्या चार दिवस आखडतात आणि मॅट कायमची गुंडाळली जाते. हा व्यायाम सरावानंतर करावा, सामन्याच्या आदल्या दिवशी टाळावा.

गुडघ्याच्या एसीएल या अस्थिबंधाचं (हाडाला हाडाशी बांधणाऱ्या पट्ट्याचं) गणित वेगळं आहे, तिथे महिने मोजावे लागतात. तुटलेल्या अस्थिबंधाच्या जागी रुग्णाच्याच शरीरातली कंडरा बसवतात. पहिल्या काही आठवड्यांत ती बळकट होण्याऐवजी आधी कमकुवत होते आणि मग हळूहळू अस्थिबंधाचं रूप घेते. नॉर्वे आणि अमेरिकेतल्या रुग्णांवरच्या 2016 च्या अभ्यासात दिसलं, की नऊ महिन्यांपर्यंत मैदानावर परतणं जितके महिने लांबवलं, तितक्या प्रत्येक महिन्यामागे पुन्हा दुखापत होण्याचं प्रमाण 51 टक्क्यांनी घटत गेलं. म्हणून ‘सहा महिन्यांत आणा त्याला’ ही मागणी करू नये. इंग्लंडचा स्ट्रायकर अॅलन शिअररचा गुडघा डिसेंबर 1992 मध्ये गेला. तो पुढच्या हंगामात परतला आणि लीगमध्ये 31 गोल केले, त्यापुढच्या हंगामात 34. उलट इंग्लंडच्याच मायकेल ओवेनची हॅमस्ट्रिंग एप्रिल 1999 मध्ये, एकोणिसाव्या वर्षी फाटली, आणि आपला पहिला वेग तिथेच गेला असं त्याने स्वतःच सांगितलं आहे. दुखापतीच्या नावावरून भविष्य सांगता येत नाही.

राहिला किमतीचा प्रश्न. 2000 साली डच स्ट्रायकर रूड व्हॅन निस्टलरॉयच्या गुडघ्याबद्दल शंका निघाली, मँचेस्टर युनायटेडचा सौदा फिस्कटला आणि लगेच सरावात त्याचा अस्थिबंध तुटला. वर्षभराने त्याच क्लबने त्याला 1.9 कोटी पौंडांना घेतलं आणि पहिल्याच हंगामात त्याने लीगमध्ये 23 गोल केले. राष्ट्रीय संघाकडून खेळताना खेळाडू जायबंदी होऊन 28 दिवसांहून जास्त बाहेर राहिला, तर फिफा क्लबला त्याच्या पगारापोटी भरपाई देते; तिची मर्यादा दिवसाला 20,548 युरो. क्लबसाठी खेळताना दुखावला तर भार क्लबचाच.

समजा हंगामात 24 सामने आहेत. एक स्ट्रायकर 90 मिनिटांमागे 0.6 गोल करतो, पण 55 टक्केच मिनिटं उपलब्ध असतो: 7.9 गोल. दुसरा 0.4 करतो आणि 90 टक्के मिनिटं खेळतो: 8.6. सरळ बघता दुसरा बरा. पण पहिला बाहेर असताना ती जागा रिकामी राहत नाही. बाकावरचा खेळाडू 0.25 च्या दराने खेळला, तर पहिल्याच्या वाट्याची बेरीज 10.6 होते आणि दुसऱ्याची 9.2. बाकावरच्याचा दर 0.05 वर घसरला की पारडं फिरतं: 8.5 विरुद्ध 8.8. आपल्या इंडियन सुपर लीगमध्ये (आयएसएल) 2021-22 पासून मैदानावर एकावेळी चारच परदेशी खेळाडू, आणि स्ट्रायकर बहुधा त्यांपैकी एक. त्यामुळे जायबंदी परदेशी स्ट्रायकर ठेवावा की सोडावा, हे बऱ्याच अंशी त्याच्या मागे बसलेला भारतीय स्ट्रायकर किती तयार आहे यावर ठरतं.