तुळजापूरचं शारदीय नवरात्र

तुळजापूरचं शारदीय नवरात्र म्हणजे धाराशिव जिल्ह्यातल्या (पूर्वीचा उस्मानाबाद) तुळजापूर गावी तुळजाभवानीच्या देवळात दरवर्षी होणारा देवीचा मोठा उत्सव. महाराष्ट्रातल्या साडेतीन शक्तिपीठांपैकी हे एक पूर्ण पीठ, बाकीची म्हणजे कोल्हापूर, माहूर आणि अर्धं वणीची सप्तशृंगी. नवरात्र म्हटलं की आपण आपोआप नऊ दिवस मोजतो, पण तुळजापूरला हा हिशोब लागूच पडत नाही, कारण इथला उत्सव घटस्थापनेच्या आठ-नऊ दिवस आधी देवी झोपते तिथून सुरू होतो आणि दसऱ्यानंतर ती पुन्हा झोपते ती कोजागिरीला उठते, तोपर्यंत चालतो. म्हणजे भाद्रपद वद्य अष्टमी ते आश्विन पौर्णिमा, जवळजवळ तीन आठवडे. टीव्हीवर दिसतात त्या मधल्या नऊ दिवसांच्या महापूजा, पण गावातल्या माणसाला विचारलं तर तो आधी पलंगाचं सांगेल.

देवी झोपते म्हणजे काय

हे कळायला एक गोष्ट आधी माहीत पाहिजे, ती म्हणजे तुळजाभवानीची मूर्ती चल आहे. बहुतेक मोठ्या देवळांत मूळ मूर्ती जागेवर पक्की बसवलेली असते आणि मिरवायला वेगळी उत्सवमूर्ती असते, इथं मात्र काळ्या पाषाणाची, अष्टभुजा, महिषासुराला मारणारी ती मूळ मूर्तीच सिंहासनावरून उचलून शेजघरातल्या पलंगावर निजवतात. याला मंचकी निद्रा म्हणतात. वर्षातून तीनदा देवी अशी झोपते. नवरात्राआधीची ती घोरनिद्रा, दसऱ्यानंतरची श्रमनिद्रा आणि पौषात शाकंभरी नवरात्राच्या आधीची मोहनिद्रा (बोलताना लोक या नावांची अदलाबदल करतात, त्यावरून भांडू नये). तर्क साधा आहे, नऊ दिवस महिषासुराशी लढायचं तर आधी झोप पाहिजे, आणि लढून झाल्यावर अंग दुखणार म्हणून पुन्हा झोप पाहिजे, घरातल्या बाईला मिळत नसली तरी देवीला तरी ती मिळते असं आमच्याकडच्या आज्या म्हणायच्या.

झोपेची तयारी पण बघण्यासारखी असते. गादीसाठी कापूस निवडायला बायका देवळात बसतात, गाणी म्हणत म्हणत कापूस निवडतात, मग तो पिंजून नव्या गाद्या आणि उशा होतात. देवी निजलेली असताना नेहमीचे पंचामृताचे अभिषेक बंद असतात, तिला सुगंधी तेल लावतात. दर्शन चालू असतं पण सिंहासन रिकामं, देवी पलंगावर. पहिल्यांदा येणारे लोक गोंधळतात, एवढ्या लांबून आलो आणि देवी झोपलेली निघाली म्हणतात, पण जुनी माणसं मुद्दाम या दिवसांत येतात, कारण गर्दी त्यामानाने कमी आणि देवीचं रूप एकदम घरगुती वाटतं.

यात एक गंमत आहे. देवीमाहात्म्याच्या पहिल्याच अध्यायात देवी येते ती योगनिद्रा म्हणून. विष्णू शेषावर झोपलेला असतो, त्याच्या डोळ्यांवरची झोप हीच देवी असते, आणि ती बाजूला झाल्यावर तो जागा होऊन मधु-कैटभाला मारतो. म्हणजे जी स्वतःच झोप आहे तिला इथं झोपवायचं. नवरात्रातल्या एका महापूजेत देवीला शेषशायी रूपात सजवतात, ती याच कथेची आठवण.

घट आणि माळा

प्रतिपदेच्या आदल्या रात्रीनंतर, पहाट व्हायच्या बऱ्याच आधी, देवीला उठवून परत सिंहासनावर बसवतात, पंचामृत अभिषेक होतात आणि दुपारी घटस्थापना होते. घटाचं पाणी देवळाच्या आवारातल्या गोमुख तीर्थावरून वाजतगाजत आणतात. गोमुख आणि कल्लोळ ही दोन तीर्थं महाद्वारातून पायऱ्या उतरून खाली गेलं की लागतात, देऊळ तसं बालाघाटाच्या डोंगरात खोलगट जागी आहे, वरून शिखर दिसत नाही आणि एकदम पायऱ्या उतरल्यावर समोर येतं. घराघरातला घटही याच वेळी बसतो. पत्रावळीवर शेतातली काळी माती, त्यात गहू ज्वारी असं धान्य, मधे पाण्याचा घट, वर रोज एक माळ. म्हणून इकडं दिवस तारखेने किंवा तिथीने मोजत नाहीत, आज कितवी माळ हेच विचारतात.

या घटस्थापनेच्या आदल्या दिवशी रस्त्यावर वेगळंच दृश्य असतं. गावोगावच्या नवरात्र मंडळांची पोरं तुळजापूरला येऊन मशाल पेटवतात आणि ती भवानी ज्योत हातात घेऊन आलटून पालटून पळत आपल्या गावी नेतात, मागं टेम्पो, त्यावर स्पीकर, पोरं अनवाणी. गावात ज्योत पोचली की मंडळाची देवी बसते. सोलापूर, लातूर, बीडकडच्या रस्त्यांना त्या दिवशी गाडी घेऊन निघणाऱ्याने वेळ हातात ठेवूनच निघावं.

पुढचे दिवस रोजचा क्रम असतो, पहाटे चरणतीर्थ (देवीच्या पायांची पूजा), मग अभिषेक, महापूजा, संध्याकाळी परत अभिषेक आणि रात्री छबिना. छबिना म्हणजे देवीची वाहनावरून देवळाभोवती निघणारी मिरवणूक, पुढं संबळ वाजतो, पोत म्हणजे तेलात भिजवलेल्या कापडी मशाली पेटलेल्या असतात, आराधी म्हणजे देवीच्या सेवेला वाहिलेल्या बायका कवड्यांच्या माळा घालून "आई राजा उदो उदो" करत असतात. एरवी छबिना ठरावीक वारांना आणि पौर्णिमेला निघतो, नवरात्रात रोज. ललितापंचमीच्या आसपास अलंकार महापूजा सुरू होतात, त्यात रथ, मुरली, शेषशायी, भवानी तलवार आणि महिषासुरमर्दिनी ही रूपं येतात. माळ कोणती आणि रूप कोणतं हे तिथीच्या वाढीघटीप्रमाणे मागंपुढं होतं. सगळ्यात जास्त गर्दी भवानी तलवार पूजेला, देवी शिवाजी महाराजांना तलवार देते आहे असा देखावा असतो, भोसल्यांचं हे कुलदैवत, त्यामुळे ते साहजिकच. अष्टमीला होम पेटतो, महानवमीला होमकुंडावर अजाबळीचा (बोकडाच्या बळीचा) विधी होतो आणि मग घट उठतात. अजाबळीबद्दल लोक कुजबुजत बोलतात, पण ते इथल्या विधीचं उघड अंग आहे, लपवण्यासारखं काही नाही.

पलंग आणि पालखी

आता मुद्द्याचं. दसऱ्याला देवी ज्या पालखीत बसते ती आणि नंतर ज्या पलंगावर निजते तो, दोन्ही तुळजापुरात बनत नाहीत आणि दोन्ही दरवर्षी नवीन येतात. पलंग पुणे जिल्ह्यातल्या घोडेगावला तयार होतो आणि जुन्नर, नगर अशा वाटेने गावोगाव मुक्काम करत येतो. पालखी राहुरीला बनते आणि नगरजवळच्या बुऱ्हाणनगरहून येते, तिचा मान तिथल्या भगत घराण्याकडे आहे, हे घराणं तेली समाजाचं. वाटेत भिंगारला पालखी आणि पलंगाची भेट होते, ते बघायला तिकडं स्वतंत्र गर्दी जमते. वाटेवरच्या गावात पलंग आला की बायका त्याला ओवाळतात, पाया पडतात, पोरांना त्याच्याखालून काढतात. विचार केला तर त्या वेळी तो नुसता लाकडी पलंग असतो, देवी अजून त्यावर निजलेली पण नाही, तरी त्याचं दर्शन हे देवीचंच दर्शन. ज्यांना तुळजापूरला जायला जमत नाही त्यांच्याकडं देवीची झोपायची जागाच चालत येते, असं म्हणायला हरकत नाही.

नवमीच्या रात्री दोन्ही तुळजापुरात पोचतात आणि गावातून मिरवत देवळात येतात. मग दसऱ्याच्या पहाटे, अंधारातच, सीमोल्लंघन होतं. मूर्तीला १०८ साड्यांचं दिंड गुंडाळतात म्हणजे इतक्या साड्यांत लपेटतात की ती हलवताना तिला धक्का लागू नये, मग पालखीत बसवून देवळाभोवती प्रदक्षिणा, पिंपळाच्या पारावर विसावा, आणि वरून नुसतं कुंकू. हवा लाल, फरशी लाल, पोलिसांच्या टोप्या पण लाल. नंतर देवी नव्या पलंगावर निजते. बाकी महाराष्ट्रात लोक संध्याकाळी सोनं वाटत असतात तेव्हा इथली देवी लढून, सीमा ओलांडून केव्हाच झोपलेली असते.

नीट बघितलं तर या उत्सवात सगळं एका हातात कुठंच नाही. पूजेचे हक्क भोपे पुजाऱ्यांकडं आणि पाळीकर पुजाऱ्यांकडं (दोन्ही वंशपरंपरेची पुजारी घराणी) वेगवेगळे, महंतांचं काम वेगळं, गोंधळ्यांचं वेगळं, आराध्यांचं वेगळं, पलंग एका गावचा, पालखी दुसऱ्या. तुळजापूर हैदराबाद संस्थानात होतं तेव्हा निजामाच्या राजवटीत १९०९ साली देऊळ-ए-कवायत म्हणून नियम झाले, त्यात कुणी काय करायचं हे लिहिलं गेलं, आणि आज मंदिर संस्थानाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात, म्हणजे घटस्थापनेच्या पूजेला यजमान म्हणून बहुतेक वेळा कलेक्टर बसलेले दिसतात. मानावरून तंटे होतात, कोर्टापर्यंत जातात, पण उत्सवाची गाडी चालते ती याच मानामुळे, कारण आपला मान चुकला तर पुढच्या वर्षी तोंड कसं दाखवायचं ही भीती प्रत्येक घराला असते.

कोजागिरी

दसऱ्यानंतर बाहेरच्या माणसाला वाटतं उत्सव संपला, आणि खरी चालणारी गर्दी तर आता सुरू होते. सोलापूरपासून तुळजापूर साधारण ४५ किलोमीटर, आणि कोजागिरीच्या आदल्या दोन दिवसांत हा रस्ता माणसांनी भरून जातो, सोलापूरचे, कर्नाटकातून विजापूर-कलबुर्गीकडचे, तेलंगणातले, घोळक्याने चालत येतात, कानडी तेलुगू मराठी सगळं एकत्र ऐकू येतं, बऱ्याच घरांत देवीचं नाव अंबाभवानी. वाहतूक दुसऱ्या मार्गाने वळवतात. वाटेत जागोजागी चहा, केळी, पायाला लावायचा बाम, मोफत उपमा, कुणीतरी गरम पाण्याच्या बादल्या घेऊन बसलेलं असतं. पायाला फोड आलेले पण चप्पल हातात, कारण नवस अनवाणी यायचा असतो.

पौर्णिमेच्या पहाटे देवी श्रमनिद्रेतून उठून सिंहासनावर बसते. सोलापूरहून मानाच्या काठ्या येतात, उंच, सजवलेल्या, आणि रात्रीच्या छबिन्यात त्या काठ्यांसकट मिरवणूक निघते, तिथं पाय ठेवायला जागा नसते. आराधी बायका परडीत पीठमीठ घेऊन जोगवा मागतात, ज्यांच्या अंगात येतं त्यांच्या अंगात येतं, आणि कडेला एखादी म्हातारी शांतपणे पोतावर तेल घालत बसलेली असते.

दुसऱ्या दिवशी अन्नदान होतं आणि लोक एसटीने परततात, परत जाताना चालत जायचा नियम नाही. पुढं आश्विन अमावास्येला, दिवाळीत, काळभैरवाच्या देवळातून भेंडोळी निघते, म्हणजे पेटत्या पोतांचा मोठा गठ्ठा खांद्यावरून पळवत भवानीच्या देवळात आणतात, पण तो काळभैरवाचा उत्सव, नवरात्रात धरत नाहीत. देवी तेव्हा सिंहासनावर जागी असते, तिची पुढची झोप थेट पौषात.