तांबडी, पिवळी, काळी: ब्लॉक्सच्या गाड्यांच्या रंगामागची गोष्ट

मागच्या गळीत हंगामात पुतण्या मागं लागला, काका मला लेगोच्या विटांचा ट्रॅक्टर करून दे, पण हिरवा पाहिजे आणि चाकं पिवळी, आपल्या दारावरनं उसाच्या ट्रॉल्या ओढत जातो तसला. मी करून दिला तांबडा. दोन दिवस गडी फुगून बसला आणि तिसऱ्या दिवशी कपाटासमोर उभं राहून विचारतोय, तुझ्या सगळ्या गाड्या तांबड्या, पिवळ्या नायतर काळ्याच का? सहा वर्षांच्या पोराला सांगण्यासारखं थोडक्यात उत्तर नव्हतं माझ्याकडं, म्हणून इथं जरा इस्कटून लिहितो, कारण हा प्रश्न मोठी माणसंही विचारतात आणि बहुतेकांना वाटतं की बनवणाऱ्याला तो रंग आवडतो म्हणून.

आवडीचा भाग असतोय, नाही असं नाही. पण लेगोच्या विटांनी गाड्या बांधणाऱ्या माणसाचं काम बऱ्याचदा उलट्या बाजूनं सुरू होतं. आधी बघायचं की कुठल्या रंगात कुठले तुकडे आहेत, उतरता स्लोप आहे का, चाकावरची कमान आहे का, दरवाजा आहे का, आणि मग त्या रंगात कुठली गाडी बसतीय ते ठरवायचं. तांबड्या रंगात यातलं जवळपास सगळं मिळतं. पिवळा, पांढरा, काळा, निळा यांचंही तसंच. बाकी रंगात साधी २×४ ची (दोन बाय चार खुंट्यांची) वीट मिळेल, पण गोल बॉनेटचा तुकडा नसतो, आणि तिथंच गाडी अडून राहते.

हे असं का झालं त्यासाठी डेन्मार्कमधल्या बिलुंडला जावं लागतं. लेगो कंपनी काढणाऱ्या ओले कर्क क्रिस्तियान्सन या सुतारानं १९३२ मध्ये तिथं लाकडी खेळणी करायला सुरुवात केली, प्लॅस्टिकच्या विटा १९४९ ला आल्या, आणि आज आपण ज्या विटा एकमेकींत बसवतो त्या रचनेचं पेटंट त्यांच्या मुलानं, गॉडफ्रेडनं, २८ जानेवारी १९५८ ला दाखल केलं. सुरुवातीचं प्लॅस्टिक वेगळं होतं, सेल्युलोज ॲसिटेट, ते वाकायचं आणि त्याचा रंग उडायचा, १९६३ पासून एबीएस हे दुसरं प्लॅस्टिक वापरायला लागले आणि मग रंग टिकायला लागला. चाक आलं १९६२ ला, म्हणजे गाड्यांचा खरा नाद तिथनं सुरू झाला असं मी धरतो. त्या साठच्या दशकात पोरांच्या डब्यात असायच्या त्या मुख्य विटा लाल, पिवळ्या, निळ्या, पांढऱ्या, काळ्या. हिरवा बहुतेक झाडांना आणि खाली अंथरायच्या बेसप्लेटला.

आता हिरवा असा मागं का ठेवला? या छंदात जुनी गोष्ट सांगतात की विटा हिरव्या आणि करड्या मिळाल्या तर पोरं रणगाडे बांधतील, आणि कंपनीला लढाईची खेळणी नको होती. दुसरं महायुद्ध आणि जर्मनांचा ताबा बघितलेला देश तो, त्यामुळं मला ही गोष्ट अजिबात ओढूनताणून वाटत नाही. १९७८ मध्ये त्यांनी मोठा किल्ला काढला तो चक्क पिवळा होता, दगडाचा किल्ला आणि पिवळाधमक! पन्हाळा रोज बघणाऱ्या माणसाला ते चित्र बघून गंमतच वाटते. आणि हे धोरण जुनं झालं असंही नाही, २०२० च्या जुलैमध्ये ऑस्प्रे विमानाचा टेक्निक (पिना, अ‍ॅक्सल वापरून बांधायची लेगोची मालिका) सेट दुकानात यायच्या तोंडावर त्यांनी मागं घेतला, खोक्यावर ते बचावकार्याचं विमान म्हणून दाखवलेलं तरी, कारण खरं ऑस्प्रे फक्त सैन्यच वापरतं. ऑलिव्ह म्हणजे खरा लष्करी वाटणारा हिरवा तर नियमितपणे यायला २०१२ उजाडलं. म्हणजे माझ्या पुतण्याच्या ट्रॅक्टरचं बॉनेट हिरव्यात सहज मिळत नाही त्यामागं कुठंतरी रणगाड्यांची भीती आहे. हे मला पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा मी बराच वेळ त्या तांबड्या ट्रॅक्टरकडं बघत बसलो होतो.

दुसरं कारण कारखान्यातलं आहे आणि ते आपल्या कोल्हापूरच्या उद्यमनगरात कुणालाही विचारलं तरी कळेल. ओळखीचा एक मोल्डिंगवाला आहे, त्यानं मला सांगितलं की साचा बनवणं महाग हे सगळ्यांना माहीत असतं, पण रंग बदलणं पण फुकट नसतं. मशीनमधला आधीचा रंग पूर्ण निघेपर्यंत माल वाया जातो, मग नवीन मास्टरबॅच (रंगाचे दाणे), मग पहिले निघालेले तुकडे टाकून द्यायचे, आणि तयार झालेला प्रत्येक तुकडा प्रत्येक रंगात वेगळा माल म्हणून मोजायचा, वेगळ्या खणात ठेवायचा. शंभर तुकडे दहा रंगात काढले की हजार नग झाले. म्हणून कंपनी एखादा तुकडा नवीन रंगात तेव्हाच काढते जेव्हा कुठल्यातरी सेटला तो लागतो.

याचा हिशोब लेगोला एकदा फार कडू पडला. नव्वदच्या दशकाच्या शेवटापासून रंग वाढत वाढत शंभराच्या वर गेले, तुकडे वाढले, आणि २००३-०४ ला कंपनी बुडायच्या बेताला आली. मग नवीन प्रमुखानं जी छाटणी केली त्यात रंग जवळपास निम्म्यावर आणले. त्याच काळात, २००४ मध्ये, जुना करडा, गडद करडा आणि तपकिरी हे तीन रंगही बदलले. नवीन करड्यात निळसर झाक आहे. जुन्या लोकांनी त्याला 'ब्ले' असं नाव पाडलं, ब्लू आणि ग्रे मिळून, आणि ते नाव रागानं पाडलेलं आहे हे समजून घ्या, कारण वीस-पंचवीस वर्षं साठवलेल्या करड्या विटांना नवीन वीट जोडली की भिंतीला अर्ध्यात दुसरा डिस्टेंपर लावल्यासारखं दिसायचं. ट्रक, रेल्वे, क्रेन बांधणाऱ्यांना सगळ्यात जास्त लागलं ते, कारण चासी करड्याचीच असते. त्यानंतर बऱ्याच जणांनी चासीसाठी काळा धरला तो आजतागायत. माझी पण चासी काळीच.

काळ्याचा अजून एक फायदा आहे तो टेक्निकवाल्यांना पटेल. टेक्निकमध्ये जोडायच्या पिना रंगावरून ओळखायच्या असतात, लांब पिन निळी, छोटी काळी, अ‍ॅक्सल सम लांबीचा बहुतेक काळा आणि विषम असेल तर बहुतेक करडा. बांधताना हे लय सोयीचं, पण गाडी पूर्ण झाली की अंगभर निळे ठिपके उठून दिसतात. काळ्या गाडीत ते मागं दडतात. १९९४ ची ८८८० नंबरची सुपरकार काळी होती आणि ती बघून काळ्याच्या प्रेमात पडलेले लोक अजून आहेत. फोटोत मात्र काळी गाडी म्हणजे नुसता डाग येतो, आकार काहीच कळत नाही, हा त्याचा तोटा मला कधीच सोडवता आला नाही.

आता खऱ्या गाड्यांकडं येऊ, कारण विटांचा रंग शेवटी तिथनंच येतोय. फोर्डची मॉडेल टी १९१४ ते १९२५ फक्त काळी मिळायची. कॅटरपिलरनं १९३१ च्या अखेरीस आपली मशिनं पिवळी करायचं ठरवलं, रस्त्यावर लांबून दिसावीत म्हणून, आणि आपल्याकडं तर खोदणारं कुठलंही मशीन म्हणजे जेसीबीच आणि जेसीबी म्हणजे पिवळाच. रेसच्या गाड्यांचे रंग त्याहून जुने. १९०० पासूनच्या गॉर्डन बेनेट कपात देशानुसार रंग असायचे, फ्रान्सचा निळा, जर्मनीचा पांढरा. १९०३ ची शर्यत ब्रिटनच्या वाट्याला आली पण तिथं सार्वजनिक रस्त्यावर रेसला बंदी, म्हणून ती आयर्लंडमध्ये झाली, आणि आयर्लंडच्या मानासाठी ब्रिटिश गाड्या हिरव्या रंगवल्या. तोच पुढं ब्रिटिश रेसिंग ग्रीन. इटलीचा लाल नंतर पक्का झाला. आपल्याकडं शाहू स्टेडियमवर फुटबॉलच्या सीझनला जर्सीच्या रंगावरनं कुठल्या तालमीचा संघ ते लांबून कळतं ना, अगदी तसंच.

तर लेगोनं २०१४ ला मिनी कूपर काढली ती गडद हिरवी, १०७७ तुकड्यांची. २०१५ ला फेरारी एफ-४० लाल, ती लाल नसती तर कुणी घेतली असती काय. २०१८ ला बुगाटी शिरॉन, फ्रेंच कंपनी म्हणून निळी. २०१६ ची पोर्शे ९११ नारिंगी, २७०४ तुकडे, आणि २०२० ची लॅम्बोर्गिनी सियान पोपटी, ३६९६ तुकडे. इथं चक्र उलटं फिरतं. मिनीसाठी गडद हिरव्यात तुकडे निघाले, मग ते सुटे बाजारात आले, मग ज्याच्या डोक्यात लँड रोव्हर घोळत होती त्याला ती बांधता आली. सियान फोडून पोपटी पॅनल हातात आले की माणूस पोपटी ट्रक बांधतो, खरा पोपटी ट्रक त्यानं कधी बघितलेला नसला तरी. मोठा सेट ज्या रंगात येतो त्या रंगाच्या गाड्या पुढची दोन-चार वर्षं सगळीकडं दिसायला लागतात ते यामुळं.

भारतात यात अजून एक गाठ पडते. खेळण्यांवरचं आयात शुल्क २०२० च्या बजेटमध्ये २० वरनं ६० टक्के झालं आणि २०२३ ला ७० टक्के. जानेवारी २०२१ पासून बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा) शिक्का सक्तीचा. परदेशातनं एकाच रंगाचे शे-दोनशे सुटे तुकडे मागवायचे म्हणलं तर तुकड्यांपेक्षा बाकी खर्च मोठा. त्यामुळं आपली भिस्त पोरांनी टाकून दिलेल्या, कुणाच्यातरी माळ्यावरच्या मिक्स डब्यांवर, आणि अशा डब्यात काय निघतं? लाल, पिवळा, निळा, पांढरा, काळा. म्हणजे साठच्या दशकात बिलुंडमध्ये ठरलेले पाच रंग आज कोल्हापुरात माझ्या टेबलावर.

म्हणूनच माझी सगळ्यात चांगली गाडी लाल परी झाली. एसटीची रुंदी साधारण अडीच मीटर, आठ स्टड (विटेवरच्या गोल खुंट्या) म्हणजे ६४ मिलिमीटर, म्हणजे प्रमाण सुमारे १:४० येतं आणि लांबी साडेदहा मीटर धरली तर चौतीसेक स्टड. एवढ्या लांबीला एकाच लाल रंगाचा सलग पत्रा लागतो आणि तो मिक्स डब्यातनं आरामात निघाला. गडद लाल जास्त शोभून दिसेल असं एकानं सुचवलं होतं, मी नाही घेतला, कारण काही वर्षांच्या उत्पादनातले गडद लाल आणि तपकिरी तुकडे ठिसूळ असतात, काढताना क्लिप तुटते, हे छंदात सगळ्यांना माहीत आहे. आणि मुळात एसटी तसल्या लालमध्ये मी बघितलेलीच नाही. सीबीएसला, म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकात, उभी असते ती तांबडी.

दसऱ्याला दसरा चौकात छत्रपती घराण्याची जुनी मेबॅक मोटार येते ती बांधायचं डोक्यात बरीच वर्षं आहे. तिथं रंगाच्या आधी मडगार्डच अडतात. ते लांब वळणदार मडगार्ड करायला लागणाऱ्या कमानी माझ्याकडं फक्त काळ्यात आणि पांढऱ्यात आहेत.

पुतण्याचा हिरवा ट्रॅक्टर मात्र सुरू केलाय. बॉनेटसाठी हिरवे स्लोप अकरा जमलेत, अजून पाच लागतील. पिवळ्या रिम एका जुन्या जेसीबीच्या काढल्या. मडगार्ड हिरवे मिळत नाहीत, ते काळेच राहणार, आणि तसं त्याला आधीच सांगून ठेवलंय. तो हो म्हणाला, पण ट्रॉली तरी तांबडी नको म्हणतोय.