तांब्यांची ‘झाशीवाली’ आणि कादंबरीकाराचं पंचांग

‘रे हिंदबांधवा, थांब या स्थळीं, अश्रु दोन ढाळीं’. लक्ष्मीबाईंवर कादंबरी लिहिणाऱ्या कुणालाही भा. रा. तांब्यांच्या या ओळीचा मोह पडेल. तांबे ग्वाल्हेरचे राजकवी, आणि राणी पडल्या त्याही ग्वाल्हेरलाच.

तांबे डिसेंबर १९४१ मध्ये गेले. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे कवीच्या पश्चात ५० वर्षं हक्क टिकत, आणि मोजणी मृत्यूनंतर येणाऱ्या १ जानेवारीपासून. म्हणजे १९९१ सरताच ही कविता सर्वांची व्हायची होती. पण रवींद्रनाथ ठाकूरही १९४१ मध्येच, ऑगस्टात गेले होते. विश्वभारतीकडचे त्यांचे हक्क संपायला आले तसं सरकारने मुदत ६० वर्षांवर नेली. तांब्यांची कविताही त्यामुळे २००१ अखेरपर्यंत अडकली. रवींद्रनाथांशी त्यांचं नातं असंही जुळलं!

कायद्याचा अडसर गेला, गोष्टीचा जात नाही. राणी १८५८ च्या जूनमध्ये पडल्या, तांब्यांचा जन्म १८७३ चा. ही ओळ प्रकरणाच्या माथ्यावर शोभेल, राणीच्या शिपायाच्या तोंडी कशी घालणार? माथ्यावर काव्यपंक्ती देण्यात ऐतिहासिक कादंबरीकार वॉल्टर स्कॉटचा हातखंडा होता. मनाजोगती ओळ मिळाली नाही की तो स्वतःच रचायचा आणि खाली ‘जुने नाटक’ असं ठोकून द्यायचा.

गुंजीकरांची ‘मोचनगड’ ही ऐतिहासिक कादंबरी १८७१ ची. पोवाडे तेव्हा बहुतेक शाहिरांच्या गळ्यात आणि बाडांत होते. अ‍ॅक्वर्थ आणि शाळिग्राम यांचा संग्रह १८९१ मध्ये छापून आला आणि अफझलखानवधाचा, तुळशीदासाचा सिंहगडचा असे पोवाडे लेखकांच्या हाताशी आले. पहिल्याचा कर्ता कुठे अगिनदास, तर कुठे अज्ञानदास. असे पोवाडे कुणीही वापरावेत. मात्र आधुनिक संपादकाच्या टीपा आणि प्रस्तावना त्याच्या मालकीच्या, हे विसरलं जातं. ‘वेडात मराठे वीर दौडले सात’ ही कविताही अनेकांना शिवकाळाइतकी जुनी वाटते. प्रसंग १६७४ चा खरा, पण कवी कुसुमाग्रज. ते १९९९ मध्ये गेले, तेव्हा २०५९ सरेपर्यंत परवानगी घ्यावी लागणार.

मोरोपंतांबाबत कायद्याची धास्ती नाही, तिथे चूक होते ती पंचांगाची. पानिपत झालं तेव्हा पंत जेमतेम तिशी ओलांडलेले, आणि ‘सुसंगति सदा घडो’ ज्या ‘केकावली’त आहे ती त्यांच्या उतारवयातली. पानिपतावर निघालेल्या सरदाराने ती म्हटली की जाणता वाचक तिथेच पुस्तक मिटतो.

कधी उलटंही घडतं. समर्थांच्या पत्रातली ओवी ‘निश्चयाचा महामेरू’ने सुरू होते आणि ‘श्रीमंत योगी’ला थांबते. रणजित देसाईंनी १९६८ मध्ये कादंबरीला नाव दिलं ‘श्रीमान योगी’. आता मूळ ओवी म्हणतानाही कित्येकांच्या तोंडी ‘श्रीमान’च येतं.