आरसीसीबी पडली तर ‘डायरेक्ट’ करू नका

मृगाचा पाऊस लागला की कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगाव एमआयडीसीतल्या कारखान्यांच्या शेडमधून रोज सकाळी एकच फोन येतो: “आरसीसीबी सारखी पडतेय, खराब झालीय, बदलून द्या.” आरसीसीबी म्हणजे करंट गळायला लागला की आपोआप पडून लाइन तोडणारा बोर्डातला स्विच. आम्ही पोचेपर्यंत कुणीतरी ती डायरेक्ट केलेली असते, म्हणजे तिला बगल देऊन वायर थेट जोडलेली असते. मशिनं चालू, मालक निवांत. आमचा मात्र अर्धा दिवस जातो आणि तो तुमच्या बिलात लागतो.

आत गेलेला करंट तेवढाच परत आला का, एवढेच आरसीसीबी बघते. 30 मिलिअँपिअरची तूट आली की ती पडते, कारण तेवढा करंट मशिनच्या बॉडीतून किंवा माणसातून जमिनीत चाललेला असतो. “एमसीबी आहे की!” असे बरेचजण म्हणतात. एमसीबी म्हणजे जादा लोड किंवा शॉर्टसर्किट झाले की पडणारा स्विच. 16 अँपिअरची एमसीबी याच्या पाचशेपट करंटलाही हलत नाही. ती वायर वाचवते, माणूस नाही.

आरसीसीबी जागेवर असेल तर एकेक सर्किट टाकत गेले की दोषी मशिन बहुधा तासाभरात सापडते. डायरेक्ट केल्यावर प्रत्येक मोटर सोडवून मेगर (वायरिंगचे इन्सुलेशन तपासायचे मीटर) लावत बसावे लागते. त्यात घाईत दोन सर्किटांचे न्यूट्रल, म्हणजे करंट परत आणणाऱ्या वायरी, एकत्र पिळलेले असले, तर कोरी आरसीसीबीसुद्धा लोड टाकताच पडते आणि “तुमचा माल हलका” हे आम्हीच ऐकतो. म्हणून तपासल्याशिवाय आम्ही आरसीसीबी बदलत नाही. तपासणीचे पैसे लागतात. पण ठणठणीत आरसीसीबी काढून दुसरी विकणे आम्हाला सोपे असूनही आम्ही ते करत नाही, हेही लक्षात घ्या.

गेल्या पावसाळ्यात एका शेडमध्ये लेथच्या कूलंट पंपाच्या टर्मिनल बॉक्सचे झाकण एका स्क्रूवर लोंबत होते, आत दुधासारखे कूलंट साचलेले. ऑपरेटर लाकडी फळीवर उभा. “झिणझिण्या येतात हो, म्हणून फळी टाकलीय.” महिनाभर हे चालले होते आणि आरसीसीबी डायरेक्ट होती.

कायद्यात ही जबाबदारी मालकाची आहे, वायरमनची नाही. कारखाने अधिनियमात 1987 साली आलेल्या 7अ कलमाने यंत्रे सुरक्षित ठेवण्याचे काम कारखाना चालवणाऱ्यावर टाकले, आणि 2020 च्या कामगार सुरक्षा संहितेतही ते मालकावरच आहे. विजेने जीव गेला तर 24 तासांत विद्युत निरीक्षकांना कळवावे लागते. तेव्हा डायरेक्ट केलेल्या बोर्डाचे काय उत्तर देणार? “वायरमनने केले” म्हणून भागत नाही.

तेव्हा आरसीसीबी पडली की तिच्याखालच्या सगळ्या एमसीबी खाली करा, आरसीसीबी वर करा आणि एकेक एमसीबी टाकत जा. जी टाकल्यावर पडेल ती खालीच ठेवा. बाकीचे काम चालू राहील. सगळ्या खाली असतानाही पडली तर पुन्हा उचलू नका. आरसीसीबीवरचे ‘टी’ (टेस्ट) बटण महिन्यातून एकदा दाबा, ती पडलीच पाहिजे. नाही पडली तर मात्र ती खरोखर खराब आहे, लगेच बदलून देऊ.

वार्षिक करार असलेल्यांकडे आम्ही मे महिन्यातच येतो. प्रत्येक मोटरचे मेगर रीडिंग आणि अर्थिंगची मोजणी तारीख घालून लेखी देतो. तो कागद फाइलला लावा, तपासणीच्या वेळी दाखवायला उपयोगी पडतो. करार नसला तरी येतोच, फक्त जूनमध्ये नंबर लागायला वेळ लागतो. फोन करताना एवढेच सांगा: कितव्या एमसीबीला पडली.